गडी बदलताना

आमच्या भागात भाताची कापणी आटोपली, पेंढा रचून झाला, की दोन गोष्टी हटकून सुरू होतात. पहिली म्हणजे गावोगावची कबड्डीची मैदाने. मोकळ्या झालेल्या शेताचा एखादा तुकडा पोरे सपाट करतात, त्यावर पाणी मारतात, माती धोपटतात, आणि एके दिवशी संध्याकाळी चुन्याच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसतात. दुसरी गोष्ट म्हणजे संघात कोणाला घ्यायचे आणि कोणाला वगळायचे यावरून होणारी भांडणे. मैदान आठ दिवसांत तयार होते. भांडण मात्र चांगले शिमग्यापर्यंत पुरते.

माझा जन्म रोहे तालुक्यातला, कुंडलिकेच्या काठच्या एका खेड्यातला. नोकरी रोह्यातच, शाळामास्तराची, झाली. आता मुलाकडे पेणला राहतो. पेण ते रोहे हे अंतर आगगाडीने तासाभराचे. पण म्हाताऱ्या माणसाला एवढेही पुरते, आणि मी गावच्या भांडणांतून सुटलो असे मला वाटू लागले होते. दिवाळीच्या तोंडावर एके रात्री पुतण्याचा फोन आला, आणि तो समज खोटा ठरला.

पुतण्या गावच्या संघाचा कर्णधार आहे. तो म्हणाला, “काका, यंदा संघ सगळाच बदलतोय. दोघं नोकरीला पनवेलला गेले, एकाचा खांदा निखळला. चार पोरं नवी आहेत, अंगात दम आहे, पण सामना पाहिलेला नाही. आणि भाऊ आहेत.”

हे ‘भाऊ’ म्हणजे गावचे जुने चढाईपटू. वय छत्तीस. धाटावच्या एका कारखान्यात पाळीवर जातात, आणि रात्रपाळी करून आले तरी संध्याकाळी मैदानावर हजर असतात. बारा वर्षे गावासाठी खेळले. पुतण्याचा प्रश्न सरळ होता : त्यांना ठेवू की काढू? “तुम्ही पूर्वी निवड केलेली आहे. तुम्ही सांगा.”

मी म्हटले, विचार करून सांगतो. मास्तरकीची ही जुनी खोड. उत्तर येत नसले म्हणजे आम्ही ‘उद्या सांगतो’ म्हणतो.

झोप काही लागली नाही. पडल्या पडल्या म्हणींचा आधार घेऊन पाहिला. ‘जुने ते सोने’ म्हणावे, तर लगेच मनात येते की सोन्याला गुडघे नसतात. ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणावे, तर प्रत्येक जुना गडी कधी तरी नवाच होता, आणि त्याला ते नऊ दिवस कोणी तरी दिलेच होते. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण तर थेट अंगावर येते. आपल्या भाषेने दोन्ही बाजूंचे साक्षीदार तयार ठेवले आहेत. निकाल देण्याचे काम मात्र आपल्यावर टाकले आहे.

घरचा प्रश्न जवळून पाहिला की माणसे दिसतात आणि तत्त्व दिसेनासे होते. तेव्हा सारखेच पण दूरचे एखादे उदाहरण घ्यावे, असे मी ठरवले. असे उदाहरण कबड्डीतच आहे.

ज्या खेळाला आमचे वडील हुतूतू म्हणत, त्याची प्रो कबड्डी लीग 2014 साली सुरू झाली. तीत मुंबईचा संघ ‘यू मुम्बा’. त्याचा कर्णधार अनुप कुमार, हरियाणाचा. पहिल्या वर्षी हा संघ अंतिम सामना हरला, 2015 साली अजिंक्य ठरला, आणि 2016 च्या आरंभी पुन्हा अंतिम सामन्यात पोचून हरला. सलग तीन वेळा अंतिम सामना, आणि तिन्ही वेळा कर्णधार एकच. चढाईला निघालेला अनुप कुमार कधी घाईत दिसत नसे. बोनस रेषेवर पाय टेकवून तो असा परत फिरे, की जणू पडवीत जाऊन आला. आमच्या गावची पोरे त्याची ती संथ चाल आरशासमोर उभी राहून गिरवत.

मग 2016 च्या लिलावात दोन्ही कोपऱ्यांवरची जोडी, मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा, संघातून गेली. कबड्डी खेळलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. कोपरारक्षक म्हणजे घराच्या दोन बाजूंच्या भिंती. चढाईपटूने गुण आणावेत आणि भिंतींनी ते राखावेत, असा हा संसार आहे. भिंती गेल्यावर संघ उपान्त्य फेरीत पोचला नाही. 2017 साली तर बाद फेरीही गाठू शकला नाही.

यानंतर 2018 साली यू मुम्बाच्या चालकांनी जे केले, त्याची आमच्या पारावर अनेक दिवस चर्चा चालली होती. त्यांनी आदल्या वर्षीचा एकही प्रमुख खेळाडू राखून ठेवला नाही. पाटी कोरी केली. ती मे महिन्याच्या अखेरीस मुंबईत झालेल्या लिलावात पुन्हा लिहिली. प्रत्येक संघाला खर्चायला चार कोटी रुपये होते. त्यांतला एक कोटी, म्हणजे सबंध चौथा हिस्सा, त्यांनी इराणच्या फझल अत्राचली या डाव्या कोपरारक्षकावर लावला. या लीगच्या लिलावात कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू. चढाईसाठी त्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई हा तोवर या लीगमध्ये न खेळलेला तरुण 36 लाख 40 हजारांना घेतला. आणि अनुप कुमार? जुन्या संघाला आपल्या खेळाडूवरची शेवटची बोली स्वतः देऊन त्याला परत घेण्याची सवलत त्या वर्षीपासून होती. ती अनुप कुमारसाठी वापरली गेली नाही. तीस लाखांना तो जयपूरच्या संघात गेला.

पारावर दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, हा कृतघ्नपणा आहे. दुसरा म्हणाला, हा व्यवहार आहे. मी त्या वेळी पहिल्या पक्षात होतो, आणि तावातावाने बोललोही होतो. आता, भाऊंच्या निमित्ताने, तोच हिशेब पुन्हा मांडून पाहिला.

खेळापुरते बोलायचे, तर चालकांचे चुकले नव्हते. बिघाड कुठे आहे हे त्यांनी नीट ओळखले होते. भिंत पडली होती, म्हणून त्यांनी आधी भिंतीवर पैसे घातले आणि चढाईच्या जागी स्वस्तातला पण भुकेला मुलगा उभा केला. आमच्यासारखे लोक याच्या नेमके उलटे करतात. घर गळत असले तरी आधी दर्शनी भागाला रंग काढतात. त्या हंगामात सिद्धार्थ देसाईने चढायांत 218 गुण मिळवले, फझल संघाचा कर्णधार झाला, आणि आदल्या वर्षी मागे पडलेला संघ बाद फेरीत जाऊन तिथे उत्तर प्रदेशच्या संघाकडून हरला. संक्रमणाच्या वर्षी याहून जास्त मागू नये.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा दिसली नव्हती. ‘म्हातारा झाला म्हणून काढला’ असे आम्ही म्हणत होतो. पण चौतिशीतल्या अनुप कुमारला सोडणाऱ्या याच संघाने त्याच वर्षी धर्मराज चेरलाथन या कोपरारक्षकाला घेतले. त्याचे वय त्रेचाळीस! तेव्हा प्रश्न वयाचा नव्हता, जागेचा होता. कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्याला पाहून, ताडून, योग्य क्षणी एकदाच हात घालायचा असतो. वयाबरोबर ती दृष्टी वाढतेही. चढाईला जाणाऱ्याला मात्र सात जणांच्या घरात जाऊन परत यायचे असते, आणि परत येण्याचे काम पायांचे आहे. म्हणजे ‘जुना की नवा’ हा प्रश्नच कच्चा होता. ‘कोणत्या जागेसाठी?’ हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

इथवर हिशेब जमला. पण एक वर्ष पुढे गेले की तो पुन्हा फिसकटतो. 218 गुण आणणाऱ्या सिद्धार्थ देसाईलाही या संघाने 2019 साली राखले नाही. तेलुगू टायटन्सने त्याला एक कोटी 45 लाखांना घेतले. जुना गेला म्हणून आपण रडलो, आणि ज्या नव्याकडे पाहून डोळे पुसले, तोही गेला. लिलावाच्या या रीतीत कोणी कोणाचे नसते, असे म्हणून माझ्यासारख्याने निःश्वास सोडावा, हे ओघानेच आले. तरीही खेळाच्या अंगाने निर्णय पुन्हा बरोबर ठरला. भिंत राखलेला यू मुम्बा 2019 साली उपान्त्य फेरीपर्यंत गेला. सिद्धार्थला घेणारा संघ तळाच्या संघांत राहिला.

जुन्यांना एकदम सोडून देणे नेहमीच लिलावाच्या बाजारातून येते, असेही नाही. फुटबॉलमधले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. 1995 साली मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक अलेक्स फर्ग्युसन यांनी मार्क ह्यूज, पॉल इन्स आणि आंद्रेई कांचेल्स्किस हे तीन बिनीचे खेळाडू एकाच उन्हाळ्यात जाऊ दिले, आणि त्यांच्या जागी क्लबच्याच तालमीत वाढलेली पोरे आणली. पहिलाच सामना ॲस्टन व्हिलाकडून 3-1 असा हरले. पोरांच्या बळावर काही जिंकता येत नसते, असे दूरचित्रवाणीवर एका जुन्या खेळाडूने सुनावले. त्याच हंगामाच्या शेवटी या पोरांनी लीग आणि एफ. ए. कप दोन्ही जिंकले. लोक ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगतात. मला तीत धाडसापेक्षा तयारी अधिक दिसते. ती पोरे आकाशातून पडली नव्हती. जुने खेळत होते तेव्हाच, त्यांच्या शेजारी, ती घडत होती. जुन्यांना निरोप देण्याआधी कित्येक वर्षे नव्यांच्या शिक्षणाचा खर्च कोणी तरी सोसला होता.

आपल्याकडे पुण्याच्या संघाने असेच काही केले. ‘पुणेरी पलटण’ डिसेंबर 2022 मध्ये अंतिम सामना जयपूरकडून हरली. हरलेला संघ मोडण्याचा मोह फार असतो. त्यांनी अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते ही तरुण मंडळी हलवली नाहीत. बदल केला तो बचावात. आता पुण्याकडे आलेल्या फझल अत्राचलीला त्यांनी सोडले, आणि इराणच्याच मोहम्मदरेझा शादलुईला दोन कोटी 35 लाखांना घेतले. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेस हाच संघ हरियाणाला 28-25 असा हरवून अजिंक्य झाला.

या पुणेरी कथेत एक धागा असा आहे की जो मला त्या रात्री एकदम सापडला आणि मी अंथरुणात उठून बसलो. जयपूरकडे गेलेल्या अनुप कुमारने डिसेंबर 2018 मध्ये, हंगाम चालू असतानाच, निवृत्ती जाहीर केली. पुढच्याच वर्षी तो पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला. त्याच वर्षी त्या संघातून एक नवखा पोरगा या लीगमध्ये प्रथम उतरला. तो पंकज मोहिते. पाच वर्षांनी अजिंक्य ठरलेल्या संघातही तो होता. मुंबईला ज्या माणसाचे पाय नको होते, त्याचे डोळे पुण्याला उपयोगी पडले.

मुंबईने अनुप कुमारला संघातून कमी केले यात दोष नाही. पण चढाईपटू जातो तेव्हा त्याचे पाय जातात आणि त्याने बारा-पंधरा वर्षांत पाहिलेलेही जाते. पाय जायचेच असतात. पाहिलेले मात्र राहू शकते; ते राहणार की जाणार हे, माझ्या मते, निरोप कसा दिला यावर बरेचसे अवलंबून आहे.

आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना आहे. पेणेत असा शेजार दुर्मीळ नाही. तिथे मूर्ती वर्षभर घडत असतात, आणि भाद्रपद आला की टेम्पो भरभरून जातात. त्यांतली एकही परत येत नाही, यावी अशी कोणाची इच्छाही नसते. तरी कारखाना तोच राहतो. साच्यामुळे राहतो असे मला पूर्वी वाटे. कारखानदारांनी एकदा माझी समजूत काढली : “मास्तर, साचा काय, नवा करता येतो. डोळ्यांची आखणी करणारा हात एका दिवसात येत नाही.” त्यांच्याकडे एक वृद्ध कारागीर आहेत. हात थरथरू लागल्यापासून ते स्वतः आखणी करत नाहीत. पण आखणी चालू असली की स्टुलावर येऊन बसतात, आणि पोराची कुंचल्याची रेघ चुकणार असे दिसले की नुसते “हं” म्हणतात. पोरगा थांबतो. त्या ‘हं’चे कारखानदार त्यांना पैसे देतात. त्यांना स्टुलावर बसवण्याआधी कारखानदारांनी त्यांच्या हातातला कुंचला कसा काढून घेतला असेल, हे मी कधी विचारले नाही. विचारायला हवे होते.

कारण हेच एक काम मी आयुष्यात एकदा केले आणि वाईट केले.

साल 1988. मी गावच्या मंडळाचा चिटणीस होतो. माझा मामेभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, संघाचा डावा कोपरारक्षक. पंचक्रोशीत त्याच्या पकडीचा धाक होता. चवडा धरला की सुटका नाही. पण वय अडतीस झाले होते, उजवा गुडघा सुजत असे, आणि त्याच्या मागे एक उमदा पोरगा दोन वर्षे राखीव म्हणून बसून होता. शेजारच्या गावच्या स्पर्धेसाठी मी दादाला वगळले. निर्णय मी आजही बदलणार नाही. त्या जागी त्या पोराचाच हक्क होता.

पण दादाला हे सांगायचे कसे? तो मोठा. लहानपणी त्याने मला खांद्यावर बसवून नदी ओलांडवली होती. मी चार दिवस टाळले. पाचव्या दिवशी देवळाच्या ओट्यावरच्या फळ्यावर बारा नावांची यादी लिहिली आणि शाळेत निघून गेलो. माझे अक्षर चांगले. यादी किती सुबक लिहिली आहे असेही कोणी तरी म्हणाले. संध्याकाळी दादा मैदानाच्या कडेला बसलेला दिसला. मला पाहून तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. मनात म्हटले, बरे झाले, समजूतदारपणे घेतले. स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो. पुढच्या वर्षापासून दादा मैदानावर यायचा बंद झाला. लग्नकार्यात भेटे, हसून बोले. कबड्डीचा विषय मात्र आमच्यांत पुन्हा निघाला नाही.

पुतण्याला उत्तर देण्यापूर्वी दादाला भेटावे असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली. कासू, नागोठणे मागे पडले आणि रोहे आले. मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते ती याच स्थानकावर. गाडीत बसलेल्याला ते कळतही नाही. हद्द ओलांडताना रूळ सुटत नाहीत, एवढी काळजी कोणी तरी घेतलेली असते.

दादा आता पंचाहत्तरीचा आहे. ओटीवर बसून तो वालाच्या शेंगा सोलत होता. इकडचे तिकडचे झाल्यावर मी भाऊंचा विषय काढला, आणि मग धीर करून म्हटले, “दादा, तुला काढलं तेव्हा मी तुला सांगायला हवं होतं.”

तो थोडा वेळ शेंगाच सोलत राहिला. मग म्हणाला, “काढलंस ते बरोबरच होतं रे. गुडघा माझा होता, मला ठाऊक नव्हतं काय? पण तू फळ्यावर लिहिलंस. मला वाचता कुठं येतं?”

मी गप्प झालो.

“फळ्यासमोर उभा राहिलो. शाळेतला एक पोरगा होता, त्याला म्हटलं, वाच रे. त्यानं बारा नावं मोठ्यानं वाचली. मला वाटलं, त्याची एखादी ओळ सुटली. म्हटलं, परत वाच.”

मी शाळामास्तर. दादाला वाचता येत नाही हे मला लहानपणापासून माहीत होते. गावातले कोणाला अक्षरओळख आहे आणि कोणाला नाही हे जर कोणाला ठाऊक असायला हवे, तर ते मला. तरीही मी फळा निवडला. विसरून निवडला, असे मला म्हणता आले असते तर फार बरे झाले असते. खरे हे की फळ्याला डोळे नसतात, म्हणून मी तो निवडला.

दादा पुढे म्हणाला, “तो नवा पोरगा चांगला होता. पण हात घालायच्या आधी डावा पाय मागं घ्यायचा. समोरच्याला आधीच कळायचं. मी बाहेर बसून बघत होतो. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

त्या स्पर्धेत आमचा तो कोपरा तीनदा फुटला होता, हे मला अजून आठवते. छत्तीस-सदतीस वर्षे मी त्याचे खापर त्या पोराच्या नवखेपणावर फोडत आलो होतो.

परतीच्या गाडीत मनाला एक शंका खात होती, ती वाचकांपुढे ठेवतो. जुन्या गड्याला नीट सांगावे, मान द्यावा, कारण त्याचे ज्ञान संघाच्या उपयोगी पडते, असे जर मी पुतण्याला सांगितले, तर ते पुन्हा ‘कामापुरता मामा’च झाले की नाही? आणि ज्याच्याजवळ शिकवण्यासारखे काहीच नाही, असा जुना गडी असेल, तर त्याला फळा पुरे? मला वाटते, नाही. गड्याला संघात ठेवण्याचे वचन कोणी देऊ शकत नाही. तसे वचन दिले तर राखीव बसलेल्या पोराची वर्षे आपण चोरतो. पण ज्याने आपल्यासाठी गुडघे झिजवले, त्याच्यासमोर उभे राहून, त्याच्या डोळ्यांत पाहून, कारणासह सांगणे हे आपले देणे आहे. संघ जिंकला तरी ते देणे राहते आणि हरला तरी राहते. त्यातून संघाचे भले झाले तर ते व्याज समजावे. व्याज मिळेल म्हणून मुद्दल फेडायचे नसते.

मोठ्या संघांविषयीही मला आता एवढेच म्हणावेसे वाटते. संघ नव्याने बांधला जात असताना कोणाला किती लाखांना घेतले, हे सारेच पाहतात. ते पाहावेही, बिघाड ओळखला का, पैसा योग्य जागी घातला का, नवे घडवण्याची काही सोय आहे का, हे प्रश्न खरेच आहेत. त्यांच्या शेजारी आणखी एक प्रश्न ठेवावा : जे गेले, त्यांना कोणी आणि कसे सांगितले? लिलावाच्या हातोड्याने कळले, की माणसाने सांगितले? बाहेरच्याला याचे उत्तर सहसा मिळत नाही. यू मुम्बात काय घडले हे मला माहीत असण्याचे कारण नाही, म्हणून पारावर वापरलेला कृतघ्नपणा हा शब्द मी मागे घेतो. गावच्या संघात मात्र उत्तर सगळ्यांना माहीत असते.

पेणला पोचल्यावर पुतण्याला फोन केला. भाऊंना पहिल्या सातांत ठेवू नको, असे मी त्याला सांगितले. त्यांच्या जागी नव्या पोराला घे. पण यादी लावण्याआधी त्यांच्या घरी जा. एकटा जा. “समितीचं असं ठरलं” म्हणू नको, “मी ठरवलं” म्हण. आणि बाकांवर बसून पोरांना काय दिसतं ते सांगाल का, हे त्याच दिवशी विचारू नको. तो प्रश्न वेगळा, तो दिवस वेगळा.

पुतण्या गेला. त्याने सांगितले ते जसेच्या तसे लिहितो, कारण यात गोड शेवट करण्याचा मोह मला होतो आहे. भाऊंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “बारा वर्षं खेळलो, आणि तू सांगणार मला?” चहा पुढे केलेला होता, तो तसाच राहिला. पुतण्या बाहेर पडल्यावर दार जरा जोरातच लागले. “काका, तुमचं ऐकून काय मिळालं?” असे त्याने मला विचारले. मी म्हटले, तुला काही मिळावे म्हणून पाठवलेच नव्हते. त्यांना राग तुझ्यावर काढता आला. दादाला तेवढेही करता आले नव्हते.

परवा पुन्हा फोन आला. सरावाच्या वेळी भाऊ मैदानाकडे आले होते, रात्रपाळीला जाण्याच्या वाटेवर. आत आले नाहीत. सायकल बांधाला टेकवून रेघेपासून बऱ्याच लांब उभे राहिले, दहा-पंधरा मिनिटे पाहिले, आणि निघून गेले. उद्या येतील की नाही, कोणी सांगू शकत नाही. पुतण्याने यादी अजून लावलेली नाही. भाऊबीज झाल्यावर लावणार आहे. आणि या खेपेस ती आधी मोठ्याने वाचून दाखवणार आहे.